सांगलीत बसून आफ्रिकेतल्या शाळेला डिजिटल मदत करायचीय? मग आधी जतला जाऊन या

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या शाळेत तुम्ही ते इंटरनेटशिवाय चालणारं वायफाय कसं बसवलं, आम्हालाही असं काहीतरी करायचंय, कुठनं सुरुवात करू, असं महिन्याभरात तीन जणांनी विचारलं. दोघं मिरजेचे आणि एक विट्याची ताई. फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं म्हणून सगळं इथं लिहून काढतो. मी मिरजेत कॉम्प्युटर क्लास चालवतो. पुण्यात शिकताना माझ्या वर्गात मलावीचा एक मित्र होता, भारत सरकारच्या आयसीसीआर संस्थेच्या स्कॉलरशिपवर आलेला, तो आता तिकडं हायस्कूलला गणित शिकवतो. बाकी आमचा पाच जणांचा ग्रुप, सगळे नोकरीधंदा सांभाळून रविवारी बसणारे. एवढ्यावर बरंच काम होतं.

गरज केवढी आहे ते आधी बघा. आयटीयू म्हणजे संयुक्त राष्ट्रांची टेलिकॉमची संस्था, तिच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे जगात 260 कोटी लोक अजून इंटरनेटच्या बाहेर होते आणि सगळ्यात गरीब देशांत तर शंभरातले 27 च ऑनलाइन होते. आपल्याकडं पोरं रील बघत झोपतात, आणि तिकडं दहावी-बारावीच्या पोराला एक आकृती बघायची तर अख्ख्या वर्गात एक पुस्तक.

आता पहिली गोष्ट, जुने कॉम्प्युटर पाठवायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. आमच्याही मनात तेच आलेलं. क्लासमधले बारा डेस्कटॉप बदलले तेव्हा वाटलं हे मलावीला पाठवू, मित्राला लगेच फोन केला, तर तो थोडा वेळ गप्पच. मग म्हणाला, भाऊ, आमच्या शाळेच्या एका खोलीत असे चाळीस पडलेत, कुठल्यातरी देणगीत आलेले, एकही चालू होत नाही आणि टाकायलाही जागा नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून सहज शंभर-दीडशे वॅट खातो, दोन सोलर पॅनलवर चालणाऱ्या शाळेनं तो कशावर चालवायचा? बिघडला की पार्ट कुठनं आणायचा? घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, आग्बोग्ब्लोशी म्हणून जागा होती, तिथं जगभरातनं आलेल्या जुन्या मशिनच्या वायरी जाळून पोरं तांबं काढायची, त्या धुरात. असा घातक कचरा गरीब देशांत जाऊ नये म्हणून 1989 साली बाझल करार झाला, तरी 'वापरलेला माल' म्हणून बरंच जातं. त्यात आपली भर नको.

दुसरी गोष्ट आपल्याच उशाला घडलीय पण आपल्याकडच्या पोरांना माहीत नसते. 1998 साली वारणानगरला 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली वारणा खोऱ्यातली 70 गावं, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह तिघांचे पैसे, गावागावात कॉम्प्युटरची केंद्रं. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना असं बरंच काही त्यातनं मिळेल अशी कल्पना होती. काही वर्षांनी अभ्यास करणाऱ्यांनी बघितलं तर शेतकरी त्या केंद्रावर मुख्यतः उसाचंच बघायला यायचे, नोंद झाली का, तोडीची चिठ्ठी निघाली का, टनेज किती बसलं, बिल जमा झालं का. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला, केंद्रावरच्या कॉम्प्युटरच्या जागी एक साधा मोबाईल आणि एसएमएस. शेतकऱ्यानं मेसेज टाकायचा, उत्तर मेसेजनं यायचं. खर्च कमी, रात्री-अपरात्री चालायचं, आणि लोकांना तेच आवडलं.

म्हणजे उसवाल्याला काय पाहिजे हे चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या ऊस नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या गावातल्या माणसाला, विचारलं असतं तरी कळलं असतं. हेच मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगतो, की वस्तू ठरवायच्या आधी चिटबॉय शोधा. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो ज्याच्याकडं लोक रोज काहीतरी विचारायला जातात, आपल्याकडं आशाताई, पोस्टमन, दूध डेअरीचा सेक्रेटरी, तिकडं तसाच कोणीतरी. लोक त्याला काय विचारतात याची आठवडाभराची यादी करायला सांगा. आमच्या मित्रानं शाळेच्या लायब्ररीयनकडनं अशी यादी करून घेतली आणि आमचा सगळा प्लॅन बदलला. आम्ही धरून चाललेलो की पोरांना विकिपीडिया आणि सायन्सचे व्हिडिओ पाहिजेत. यादीत सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल? मागच्या वर्षांचे परीक्षेचे पेपर! त्यांच्याकडं एमएससीई म्हणून बोर्डाची परीक्षा असते, तिचे जुने पेपर आणि सरांच्या हातच्या नोट्स. आपल्याकडं बारावीला पोरं जे शोधत फिरतात तेच.

केनियाचं एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरनं पैसे पाठवायची सेवा, पण असंच उभं राहिलंय. आधी ते छोटी कर्जं मोबाईलवरनं फेडता यावीत म्हणून करायला घेतलेलं, 2005 ला पायलट झाला, आणि लोक ते गावाकडं घरच्यांना पैसे पाठवायला वापरायला लागले. त्याच्या आधीपासनं लोक एकमेकांना टॉकटाइम पाठवून पैशासारखा वापरतच होते. कंपनीनं ते बघितलं, 2007 ला 'घरी पैसे पाठवा' म्हणूनच सेवा बाजारात आणली, आणि साध्या बटणाच्या फोनवर देश चालायला लागला. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसाच बरं का, शब्द आपल्याच बाजूनं तिकडं गेलेला. उलट्या बाजूला पेरू देश, तिथं पोरांना आठ लाखांच्या वर स्वस्तातले लॅपटॉप वाटले आणि 2012 च्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या मार्कात फरक काही दिसला नाही. लॅपटॉप वाईट नव्हते, पण मास्तरांना त्यांचं काय करायचं हे नीट कोणी शिकवलंच नाही.

बरं आता प्रत्यक्ष कामाकडं.

ज्यांची तिकडं कोणाशी ओळख नाही त्यांनी नकाशापासनं सुरुवात करा, आज रात्रीपासनं करता येतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे सगळ्यांनी मिळून बनवलेला मोफत नकाशा, 2004 पासनं चालू आहे. 2010 च्या जानेवारीत हैतीला भूकंप झाला तेव्हा राजधानीचा धड नकाशा नव्हता, जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून सॅटेलाइट फोटोवरनं रस्ते आणि इमारती काढल्या आणि मदतपथकांनी तो वापरला. त्यातनंच ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली, लोक तिला हॉट म्हणतात. 2015 ला नेपाळच्या भूकंपातही असंच काम झालं. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढा, मग हॉटच्या टास्किंग मॅनेजर या वेबसाइटवर जा, नवशिक्यांसाठीचा प्रोजेक्ट निवडा, सूचना पूर्ण वाचा (हे लय जण टाळतात), आणि नकाशावरचा एक चौकोन घ्या. तो तुमच्या नावावर लॉक होतो. आत सॅटेलाइट फोटो दिसतो, घराच्या कडा क्लिक करत बंद आकृती काढायची, बिल्डिंग म्हणून खूण करायची, कीबोर्डवर क्यू दाबलं की कोपरे काटकोनात येतात, गोल झोपडी असेल तर ओ दाबलं की गोल होते. फोटो तिरपा असला तर छप्पर एकीकडं सरकलेलं दिसतं, तेव्हा आकृती काढून झाल्यावर ती पायावर ओढून ठेवा. झाडाखाली काय आहे ते कळत नसेल तर अंदाजानं काढू नका, सोडून द्या, तशी कॉमेंट टाका. तुमचं काम दुसरा कोणीतरी तपासतो आणि चूक सांगतो, त्याचा राग मानू नका, पहिले दहा-पंधरा चौकोन सगळ्यांचे चुकतात. एका चौकोनाला अर्धा-पाऊण तास धरा. क्लासच्या पोरांना शनिवारी घेऊन बसलं तर दोन तासात अख्खं गाव होतं.

पण एक लक्षात ठेवा, वरनं छप्पर दिसतं, नाव दिसत नाही. जतकडं जाताना बघा, माळरानावर चार-चार घरांच्या वस्त्या, कोणाची माळी वस्ती, कोणाची कोळेकर वस्ती, नाव तिथल्या माणसालाच माहीत. मिरजेत बसून मी फोटो बघून नावं टाकायला लागलो तर सगळी खोटी. मलावीतही तेच. नावं, दवाखाना कुठला, पाण्याचा बोअर चालू का बंद, हे तिथल्याच माणसानं भरायचं, आपण फक्त रेघा काढून त्याचं काम हलकं करायचं.

हे किती कामाचं असतं ते आम्हाला 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या महापुरात कळलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या घरात गेलेलं. आम्ही अडकलेल्यांची यादी शेअर केलेल्या शीटवर करत होतो. एकच घर तीन नावांनी तीनदा, पत्त्याला 'मारुती मंदिराच्या मागं', आता सांगलीत मारुती मंदिरं काय एक आहेत का. ज्यांना काढलं त्यांची नावं कोणी खोडत नव्हतं त्यामुळं बोटवाल्यांचे फेरे फुकट जायचे, आणि वर धरणाला तडा गेला म्हणून खोटे मेसेज. तेव्हापासनं आमच्या कुठल्याही आपत्तीच्या यादीत चार कॉलम पक्के असतात: नकाशावरचं लोकेशन, माहिती कोणी दिली, शेवटचा फोन किती वाजता लागला, आणि आत्ताची स्थिती. स्थिती बदलायचा अधिकार दोनच माणसांना. केनियात 2008 च्या सुरुवातीला निवडणुकीनंतर दंगली झाल्या तेव्हा तिथल्याच लोकांनी एसएमएसनं आलेल्या तक्रारी नकाशावर दाखवायला उशाहिदी नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. ते आजही मोफत मिळतं. तुम्ही परदेशातल्या कुठल्या संस्थेला असं काही लावून देणार असाल तर त्यातही हे चार कॉलम घ्यायला सांगा.

आता डबा. आम्ही त्याला डबाच म्हणतो. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यात 128 जीबीचं मेमरी कार्ड, त्यावर सगळी पुस्तकं-व्हिडिओ, आणि तो स्वतःचं वायफाय सोडतो. पोरं मोबाईल जोडतात, ब्राउझर उघडतात, डेटा पॅक लागत नाही, इंटरनेट लागत नाही. वीज पाच-सात वॅट, म्हणजे एलईडी बल्बएवढी. आत दोन सॉफ्टवेअर घाला. किविक्स, ज्यात अख्खा विकिपीडिया एका फाइलीत उतरवून ठेवता येतो. इंग्रजीचा फोटोसकट 100 जीबीच्या वर जातो म्हणून फोटो नसलेला नाहीतर निवडक विषयांचा घ्या, नाहीतर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. आणि कोलिब्री, ज्यात धडे, व्हिडिओ, सराव प्रश्न असतात आणि कोणत्या पोराचं किती झालं ते सरांना दिसतं. कोलिब्री साध्या विंडोज लॅपटॉपवरही चालतं, त्यामुळं डबा घ्यायच्या आधी आपल्या लॅपटॉपवर टाकून आठवडाभर खेळून बघा, पैसे तिथंच वाचतात.

आणि मग जतला जा. खरंच सांगतो. आम्ही डबा घरी तयार केला, मिरजेत झकास चालला, आता थेट मलावीला पाठवू असं सगळ्यांचं मत, पण ग्रुपमधल्या एकीनं हट्ट धरला की आधी जत तालुक्यातल्या तिच्या मामाच्या गावच्या शाळेत महिनाभर ठेवायचा. बरं झालं तिचं ऐकलं. पहिल्या आठवड्यात कार्ड गेलं. लाइट जाते-येते, डबा चालू असताना एकदम वीज तुटली की कार्डावरची फाइल बिघडते, दोनदा तसं झालं. मग मधे पॉवरबँक टाकली, चार्ज होत असतानाही पुरवठा देत राहणारी बघून घ्या, सगळ्या तशा नसतात. बंद करायचं बटण बसवलं, आणि त्याच कार्डाची अजून एक कॉपी करून पाकिटात घालून डब्याला चिकटवली, की बिघडलं तर शिपाईमामा पण कार्ड बदलू शकले पाहिजेत. दुसरं, वीस पोरं एकदम जोडली की डब्याचं वायफाय दमतं, तेव्हा घरातला जुना राउटर लावला आणि प्रश्न मिटला. तिसरं, धूळ. चौथं सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही सगळं मराठीत लावलेलं, आणि पूर्व भागातल्या त्या गावात निम्म्या पोरांच्या घरात कन्नड! सुरुवातीच्या पानावर काय लिहिलंय ते बारक्या पोरांना वाचताच येईना. मग मास्तरांनीच चित्रं काढून दिली, पुस्तकाचं, प्रश्नचिन्हाचं, व्हिडिओचं. तीच चित्रं पुढं मलावीला गेली, खाली चिचेवात, म्हणजे तिकडच्या भाषेत, शब्द मित्राच्या विद्यार्थ्यांनी लिहिले.

मिरजेच्या फ्लॅटमध्ये जे कधीच कळलं नसतं ते जतनं महिन्याभरात शिकवलं, आणि कार्ड बिघडलं तर आम्ही एसटीनं जाऊन नीट करून येत होतो. मलावीला कोण जाणार? तुम्ही साताऱ्याचे असाल तर माण-खटावातली एखादी वाडी धरा. आणि महिना झाल्यावर डबा तिथनं काढून आणू नका, ती शाळाही शाळाच आहे, त्यांच्यासाठी दुसरा बनवा किंवा तोच राहू द्या. आमचा पहिला डबा अजून त्याच शाळेत आहे.

पाठवताना घ्यायची काळजी. पॉवरबँक पोस्टानं टाकू नका, लिथियमची बॅटरी असते, विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, कोणी जाणारं असेल तर त्याच्याबरोबर द्या नाहीतर तिकडंच घ्यायला सांगा. मलावीत आणि केनियात प्लग आपल्यासारखा गोल पिनांचा नसतो, ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिना असतात, अडॅप्टर पाठवा, व्होल्टेज मात्र आपल्याएवढंच. कस्टममध्ये किती पैसे लागतील ते घेणाऱ्याला आधी विचारून घ्या, भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूचं शुल्क त्या शाळेच्या खिशातनं गेलं तर ती कसली मदत. कार्डावर फक्त मोफत वाटायची परवानगी असलेलंच साहित्य टाका, पायरेटेड पुस्तकं भरून शाळेला अडचणीत आणू नका.

माहिती गोळा करायची असेल, म्हणजे किती घरात मोबाईल, किती पोरं शाळेत, पाणी कुठनं, तर कागदाऐवजी कोबोटूलबॉक्स वापरा. फॉर्म वेबवर बनवायचा, ॲप मोबाईलवर घ्यायचं, रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो, रेंजमध्ये आलं की अपलोड. फॉर्म पंधरा प्रश्नांच्या वर नेऊ नका. आपल्या आशाताईंना विचारा किती रजिस्टरं आणि किती ॲप सांभाळावी लागतात त्यांना, अजून एक ॲप कोणाच्या डोक्यावर ठेवताना दहादा विचार करा. आणि पोरांची नावं, फोटो, आजारपणाची माहिती गरज नसेल तर घेऊच नका. केनियात 2019 पासनं डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आपल्याकडं 2023 ला झाला, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराचा फोटो न विचारता ग्रुपवर टाकायचा नसतोच.

रेडिओला कमी लेखू नका. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी, या दोन्ही जागा जाऊन बघा, बायका स्वतः कार्यक्रम करतात, लोक स्वतःच्या बोलीत बोलतात. आफ्रिकेतल्या बऱ्याच खेड्यांत आजही रेडिओ लय लोकांपर्यंत पोचतो. तुम्हाला ऑडिओ एडिटिंग येत असेल तर तिकडच्या एखाद्या सामुदायिक रेडिओ केंद्राला रेकॉर्डिंग साफ करून द्यायचं, मिस्ड कॉलवर कार्यक्रम ऐकवायची सोय लावून द्यायची, ही मदत ॲप बनवण्यापेक्षा जास्त लोकांना लागते.

ओळख नसलेल्यांसाठी अजून एक दार म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा ऑनलाइन स्वयंसेवकांचा कार्यक्रम, 2000 सालापासनं आहे, नोंदणी मोफत. भाषांतर, डिझाइन, डेटा, वेबसाइट अशी ठराविक मुदतीची कामं तिथं येतात. आपला वेळ खरा किती आहे तेवढाच लिहा. आठवड्याला तीन तास म्हणाला तर तीन तास द्या, दहा म्हणून सांगून मधेच गायब होणाऱ्यांचा तिथल्या लोकांना फार त्रास होतो.

शेवटचं काम आणि ते पहिल्याच दिवशी ठरवायचं, तुम्ही नसताना हे कोण बघणार. एका माणसावर ठेवू नका. मित्राच्या शाळेत ज्या सरांनी डबा शिकून घेतला त्यांची आठ महिन्यात बदली झाली आणि डबा कपाटात कुलूपबंद, किल्ली त्यांच्याबरोबर गेली, दोन महिने कोणाला काही करता आलं नाही. आता आमची पद्धत अशी की दोन शिक्षक, लायब्ररीयन आणि अकरावीच्या वयाची दोन पोरं, त्यातली एक मुलगी असलीच पाहिजे, या पाचही जणांनी कार्ड काढून, नवीन घालून, डबा चालू करून व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. आपण बोलायचं नाही, उंटावरनं शेळ्या हाकायच्या नाहीत, नुसतं बघायचं. कुठं अडतायत ते लिहून घ्यायचं आणि सूचनांचा कागद सुधारायचा. मलावीची वेळ आपल्या साडेतीन तास मागं आहे, त्यांची शाळा दुपारी दोनला सुटली की आपले साडेपाच, क्लासच्या दोन बॅचच्या मधे बरोबर बसतं.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही फोन करतो. डबा चालू आहे का असं विचारत नाही, हो म्हणून सांगतात. या महिन्यात पोरांनी काय मागितलं जे डब्यात नव्हतं, असं विचारतो. मागच्या वेळी उत्तर आलं, शेळ्यांचे आजार. आता इस्लामपूरकडचे आमचे एक ओळखीचे पशुवैद्यक आणि तिकडचे एक पशुवैद्यक मिळून दहा छोटे ऑडिओ तयार करतायत, आपल्याकडचं औषध तिकडं मिळतं का आणि कुठल्या नावानं मिळतं, सध्या तिथं गाडं अडलंय.